दुसऱ्याच्या गाडीवर आमचा भिंगरी

माझा धाकटा दीर चाळिशी ओलांडून गेलाय, कानाजवळचे केस पांढरे झालेत, पण घरात त्याला अजून भिंगरीच म्हणतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो शाळेत होता आणि एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ. जेवतानासुद्धा एक पाय खुर्चीवर, एक जमिनीवर, जणू आत्ता कुणी शिट्टी वाजवणार आणि हा पळणार. असा मुलगा मोठा होऊन काय होणार? मोटरसायकलच्या शर्यतीत गेला. सासूबाई म्हणायच्या, "निदान एका जागी बसायला तर शिकला. मग ती जागा का पळेना!"

पण मी सांगतेय ती गोष्ट तो रायडर होता तेव्हाची नाही. त्यानंतर तो टायरवाला झाला, तेव्हाची आहे.

टायरवाला म्हणजे काय, हे मलाही आधी ठाऊक नव्हतं. टायर थंड असला की गाडी वळणावर घसरते. म्हणून शर्यतीआधी टायरना विजेवर तापणारी ब्लँकेटं गुंडाळून ठेवतात. भिंगरी ती गुंडाळतो, मधूनमधून हात घालून बघतो, हवा मोजतो, परत नीट खोचतो. मी म्हणायची, "मेल्या, स्वतःच्या लेकीला तरी कधी इतक्या मायेने पांघरूण घातलंस का?" शिवाय इंजिन उघडून जोडलं की ट्रॅकवर चार फेऱ्या मारून ते बघायचं कामही त्याचंच. त्याला शर्यतीचं लायसन लागतं, म्हणून ते तो दरवर्षी नवं करून घ्यायचा.

रायडरचा टायरवाला कसा झाला, हा विषय मात्र घरात काढायचा नाही, असं न बोलता ठरलं होतं. मी त्याला पोटावरून चिडवते, घोरण्यावरून चिडवते, पण त्या वाटेला मीसुद्धा जात नसे. झालं होतं असं. हा याच टीमचा रायडर होता आणि ऐन हंगामात त्याला टायफॉइड झाला. त्याच्या जागी बदली माणूस आणला. बदली म्हणजे बदलीच, तू बरा झालास की तूच बसणार, असं सगळ्यांनी तोंड भरून सांगितलं. हा बरा झाला, काडीसारखा होऊन वर्कशॉपमध्ये गेला, हौसेने गाडीवर बसला, तर पाय कुठे ठेवायचे तेच सापडेना. पायदानं मागे सरकवलेली. हँडल खाली घेतलेलं. सीटवर दुसऱ्याच्या मापाचा फोम. कुणी एक शब्द बोललं नाही. कशाला बोलतील? जे सांगायचं ते गाडीनेच सांगितलं होतं.

तो बदली गडी वेगवान निघाला, काय करणार. पुढे त्यानेही शर्यत सोडली, आता वॉशिंग मशीन विकतो. आमच्या घरातलं मशीन त्याच्याच दुकानातलं आहे. हे भिंगरीला अजून कुणी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

टीमने याला टायरचं काम दिलं, याने मुकाट्याने घेतलं. पण सल गेला नाही. टीव्हीवर शर्यत लागली की उठून गॅलरीत जायचा आणि कुंड्यांना पाणी घालायचा. पाणी घालून घालून दोन कुंड्या सडवल्या. माझी धाकटी जाऊ, म्हणजे त्याची बायको, चष्म्याच्या दुकानात काम करते, बोलणं मोजकं. तो शर्यतीत होता तेव्हा शर्यतीच्या दिवशी ती घरातले सगळे पडदे काढून धुवायची. हात रिकामे राहिले तर फोनकडे जातील, म्हणून. तिला त्या टायफॉइडचे उपकारच वाटले असणार, पण बोलेल? जीव गेला तरी नाही.

तर मधल्या काळात टीममध्ये नवा रायडर आला. तेविशीतला, देखणा, केसांना काहीतरी चोपडलेलं. आम्ही त्याला हिरो म्हणायचो. पोरगा गुणी होता, गाडी पळवायचा पण झकास. हंगाम अर्ध्यावर आला आणि एके दिवशी सरावाहून परतल्यावर मिस्त्री त्याला म्हणाला, "तुझे डोळे पिवळे दिसतायत रे."

मिस्त्री म्हणजे टीमचा मुख्य मेकॅनिक. तोंडात शब्द कमी, हातात पाने जास्त.

हिरो म्हणाला, "हेल्मेटची काच पिवळी आहे, म्हणून."

मिस्त्री म्हणाला, "काच वर आहे."

कावीळ निघाली. डॉक्टरने सांगितलं, अंथरुणातून उठायचं नाही आणि गाडीचं नाव काढायचं नाही. टीमच्या मालकाची पाचावर धारण बसली. गाडी शर्यतीत उतरली नाही तर हंगामाचे सगळे गुण जाणार. आणि हंगामाच्या मधोमध मोकळा रायडर आणायचा कुठून? चांगले सगळे कुठल्या ना कुठल्या टीमला बांधलेले. मग मालकाला आठवलं, लायसनवाला एक माणूस तर आपल्याच टायरांवर पांघरूण घालत बसलाय.

आता मी शिवणकाम करते. पडदे, गणवेश, सोफ्याची कव्हरं, काय म्हणाल ते. भिंगरीचा चामड्याचा जुना सूट माळ्यावरून काढला, तर तो छातीपर्यंत चढला आणि पोटापाशी येऊन थांबला. म्हणून टेप घेऊन मीच वर्कशॉपमध्ये गेले. तो गाडीशेजारी हात वर करून उभा, मी त्याच्या पोटाला टेप गुंडाळतेय, आणि तेवढ्यात मिस्त्री पाना घेऊन आला.

"गिअर तुझ्यासारखा करून देतो," तो म्हणाला. "दहा मिनिटांचं काम."

हे जरा समजावून सांगायला हवं. रस्त्यावरच्या गाडीत पहिला गिअर पायाने खाली दाबतात आणि पुढचे सगळे पायाने वर उचलतात. शर्यतीतले काही लोक हे उलटं करून घेतात. वळणावर गाडी आडवी झाली की पाय खालून घालून उचलण्यापेक्षा वरून दाबणं सोपं जातं, म्हणून. हिरोचं उलटं होतं. आमचा भिंगरी जन्मभर सरळवाला.

"हात लावू नकोस," भिंगरी म्हणाला.

"अरे, गोंधळ होईल तुझा."

"होऊ दे. पायदानं राहू देत, हँडल राहू दे, गिअर राहू दे. तो परत येणार आहे ना?"

मालक म्हणाला, "येणार रे बाबा! पण तोवर तू पडलास तर?"

"पडलो तर पडलो. गाडी त्याची आहे."

"आधी पोट आत घे," मी म्हटलं, "आणि मग शूरपणा कर. टेप पुरत नाहीये."

मालक हसला. मिस्त्री नाही हसला. मागे टायफॉइडच्या वेळी पायदानं सरकवली होती ती याच मिस्त्रीने. त्याने पाना पुसला, डब्यात ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं. झाकण लावायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

मग सुरू झाला आमच्या घरात उलट्या गिअरचा अभ्यास. आम्ही खाली राहतो, ते वर, पण जेवण एकत्र. जेवताना टेबलाखाली याचा डावा पाय चालूच. दाबला की पुढचा, उचलला की मागचा. माझ्या जावेच्या नडगीवर तीन निळे डाग पडले. ती निमूटपणे पाय मागे घ्यायची. मीच म्हटलं, "अरे, तिचे गिअर तुला लग्नाला इतकी वर्षं होऊन सापडले नाहीत, ते आता टेबलाखाली शोधतोस होय?"

एवढ्यावर थांबला तर तो भिंगरी कसला. सवय व्हावी म्हणून त्याने कामावर जायच्या स्वतःच्या गाडीचाही गिअर उलटा करून टाकला आणि सांगितलं कुणालाच नाही. आमचे हे सकाळी तीच गाडी घेऊन दूध आणायला निघाले. सिग्नल सुटला, यांनी पहिला म्हणून दाबला तो पडला दुसरा. गाडीने दोन आचके दिले आणि चौकाच्या मधोमध बंद. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ. हे घरी आले ते गाडी ढकलत. "तुझ्या लाडक्या दिराने माझा जीव घ्यायचं ठरवलंय," म्हणाले, "आणि दूधही सांडलं."

सूटचं सांगायचं तर, दोन्ही कुशींना ताणता येईल अशा कापडाच्या पट्ट्या घातल्या. चामड्यावर माझ्या मशीनच्या सुया काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. पण चढला बाई एकदाचा.

पहिल्या शर्यतीत आमचा वीर शेवटून तिसरा आला. सगळी शर्यत पायाकडे लक्ष, पुढे कोण चाललंय याचा पत्ता नाही. घरी आल्यावर मी विचारलं, "कशी झाली?" तर म्हणे, "रस्ता चांगला होता." दुसऱ्या शर्यतीत मात्र पायाला सूर सापडला. हा चौथा आला! या वयात, त्या पोटासकट, पोरांच्या गर्दीत चौथा. पेपरात कोपऱ्यात फोटो आला. मी तो कापून कपाटाच्या दारावर आतून लावलाय, बाहेरून लावला तर तो डोक्यावर बसेल.

आणि तिथेच घोळ झाला. मालकाने त्याला बाजूला घेतलं. "हिरो पोरगा चांगला आहे," म्हणाला, "पण कावीळ झालेलं शरीर, कधी दगा देईल सांगता येत नाही. पुढचं वर्ष तू बस. पुढची शर्यत झाली की मला सांग."

घरी येऊन त्याने हे जेवताना सांगितलं, मीठ दे म्हणावं तसं. टेबलाखालचा पाय त्या दिवशी स्थिर होता. जाऊ म्हणाली, "बरं." आमचे हे म्हणाले, "मग काय ठरवलंस?" तो म्हणाला, "बघू." त्यानंतर घरात सगळे असे वागायला लागले की जणू कुणाची तरी परीक्षा चालू आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊ खाली आली, हातात उशीचा अभ्रा. "ताई, एवढा शिवून द्या."

मी उलटून पालटून बघितला. "कुठे फाटलाय?"

"फाटेल," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली.

मी मशीन थांबवलं. म्हटलं, "बोल."

"त्यांना हो म्हणायचं असेल तर म्हणू देत. मी अडवणार नाही."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. अडवत नाहीये, ते डोळ्यातून येतंय."

"अगं, मग सांग ना त्याला की तुला भीती वाटते."

"आणि माझ्यासाठी नाही म्हणाले तर? एकदा दुसऱ्याने जागा घेतली तर इतकी वर्षं गॅलरीत जाऊन उभे राहायचे. आता मी घालवली तर कुठे जाऊन उभे राहतील?"

मी तिचा अभ्रा कडेने एकदा उगाच शिवून दिला.

तिसऱ्या शर्यतीला मी ट्रॅकवर गेले, कारण सूटची कुशीतली शिवण आधीच्या वेळी उसवली होती. सुईदोरा घेऊन पिटमध्ये, म्हणजे जिथे गाड्यांची डागडुजी करतात तिथे, एका रिकाम्या टायरवर बसले. आणि बघते तर हिरो आलेला! पिवळेपणा गेला होता, पण गालफडं बसलेली, शर्ट हँगरवर टांगल्यासारखा. मालकाने काय विचारलंय ते त्याच्या कानावर गेलं होतं, चेहऱ्यावरच लिहिलं होतं. तो कुणाशी बोलला नाही, आधी गाडीपाशी गेला. पायदानं बघितली. हँडल धरून बघितलं. मग वाकून गिअरच्या दांड्याला बोट लावलं. सगळं त्याचं त्याच्या जागेवर.

"दादा," तो भिंगरीला म्हणाला, "काहीच बदललं नाहीस?"

"तुझी गाडी आहे."

"पण तू तर सरळवाला ना?"

"ते माझ्या भावाला विचार," भिंगरी म्हणाला, "चौकात उभा राहून शिकलाय तो."

हिरो हसला, पण अर्धाच. गाडी आपली राहिली, जागेचं काय, हे त्याला अजून कळलेलं नव्हतं. खरं तर कुणालाच कळलेलं नव्हतं. भिंगरीलाही नाही.

शर्यत सुरू झाली. मला त्यातलं फार कळत नाही, कानात बोटं घालून नंबर बघायचा एवढंच. आमचा नंबर सहावा, पाचवा, मग चौथा. मालक टाचा उंच करून उभा. शेवटून दुसरी फेरी. समोरचा लांब सरळ रस्ता संपतो आणि उजवं वळण येतं, तिथे सगळे गिअर उतरवून वेग कमी करतात. भिंगरी दमला होता. आणि दमलेल्या पायाला नवं शिकलेलं आठवत नाही, जुनं आठवतं. उतरवायला म्हणून त्याने पाय खाली दाबला. हिरोच्या गाडीत दाबलं की गिअर चढतो! गाडी वळायची सोडून सरळ निघाली, रस्ता सोडून पलीकडच्या खडीत शिरली आणि धुळीचा हा एवढा लोट उठला.

हिरोने डोक्याला हात लावला. मी काय केलं मला आठवत नाही, पण नंतर बघितलं तर माझ्या मुठीत दोरा होता आणि सुई शेजारच्या माणसाच्या बाहीत.

धुरळ्यातून गाडी बाहेर आली, उभीच्या उभी, वर आमचा भिंगरी. डुलत डुलत रस्त्यावर आला आणि नववा येऊन पोहोचला.

सूट काढायला तो टीमच्या व्हॅनमध्ये शिरला, तर चेन अडकली. मला हाक मारली. मी गुडघे टेकून चेनीशी झटापट करतेय आणि हा हसतोय. खुदखुदून.

"डोक्यावर पडलास की काय?" मी म्हटलं. "चौथ्याचा नववा झालास, हसतोस काय?"

"वहिनी, मला राग आला नाही."

"म्हणजे?"

"पूर्वी असं झालं असतं तर हेल्मेट भिंतीवर आपटलं असतं. आज खडीत शिरलो तेव्हा पहिला विचार काय आला सांगू? म्हटलं, आता ही सगळी खडी टायरमधून कोण उकरणार, निम्मा दिवस जाणार." तो परत हसायला लागला. "रायडरला असला विचार येत नाही गं. हा टायरवाल्याचा विचार आहे. मी गाडीवर बसलो होतो आणि आतून टायरवाला होतो. आणि मला बरं वाटत होतं."

"मग इतकी वर्षं कुंड्या का सडवल्यास?"

त्याला उत्तर द्यायला मिळालं नाही, कारण दारात मालक उभा राहिला. "जाऊ दे रे," म्हणाला, "एखादी चूक होते. माझं म्हणणं कायम आहे. पुढच्या वर्षी बसतोस ना?"

माझा हात चेनीवर थांबला. भिंगरीने क्षणभरसुद्धा वेळ घेतला नाही.

"नको, मालक."

"ती चूक मनाला लावून घेऊ नकोस."

"लावून घेत नाहीये, म्हणूनच नको. तो पोरगा आता परत बसेल. मी टायर बघतो."

मालक चक्रावला. "मला तर वाटायचं, तू याच जागेसाठी झुरतोयस."

"मलाही वाटायचं," भिंगरी म्हणाला. "पण मागच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. आज तुम्ही विचारलंत. बास, तेवढंच राहिलं होतं."

मालकाने मान हलवली, याच्या खांद्यावर थाप मारली आणि गेला. चेन एकदाची खाली आली आणि आतलं पोट मोकळं झालं, त्याचंही आणि माझंही, कारण मीही कधीपासून श्वास धरून होते.

बाहेर हिरो उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं, व्हॅनच्या पत्र्याला काय जाडी असते. डोळे लाल झाले होते, पण म्हणाला काय? "दादा, खरं सांग, खडीत मुद्दाम गेलास?"

"मुद्दाम जायचं असतं," भिंगरी म्हणाला, "तर गवताची बाजू बघून गेलो असतो, गाढवा. ये इकडे, टायर उकरायला घे."

आणि दोघं जमिनीवर फतकल मारून एकेक खडा काढत बसले. मिस्त्री चहा घेऊन आला, न सांगता तिसरा त्यांच्यात बसला. हिरो पुढच्या शर्यतीला परत गाडीवर चढला तेव्हा त्याला एकही गोष्ट सरकवावी लागली नाही, पण ते नंतरचं.

आम्हाला न्यायला आमचे हे कार घेऊन आले होते, येताना तेच चालवत होते. मागच्या सीटवर भिंगरी तोंड उघडं टाकून झोपलेला. माझा फोन वाजला. जाऊ.

"ताई, शर्यत संपली?"

"संपली. नववा आला. अंगावर ओरखडा नाही."

"हं. मालकांनी विचारलं?"

"विचारलं."

"मग?"

"नको म्हणाला. तुझ्यासाठी नाही हो, उगाच फुशारून जाऊ नकोस. त्याला स्वतःलाच नकोय. हसत म्हणाला."

ती म्हणाली, "बरं," आणि फोन कट केला. मी यांना म्हटलं, बघा, इतक्या मोठ्या बातमीला बाईसाहेबांचं एवढंच, बरं! तोच फोन परत वाजला. या वेळी ती हुंदके देत होती आणि मधेच हसत होती, एकात एक असं सगळं. "ताई, मी रडले ते त्यांना सांगू नका हं. अजिबात सांगू नका."

"छे गं! मी कशाला सांगतेय?" मी म्हटलं, फोन ठेवला, मागे वळले आणि भिंगरीला हलवून उठवलं.